तिसऱ्या वेळीही नर्सच?

प्रेषक: वसंत, डिचोली
विषय: तिसऱ्या वेळीही नर्सच?

मंडळाच्या सर्व सभासदांना नमस्कार.

मुलांच्या इंग्लंडमधल्या या मंडळाने आम्हा गोव्यातल्या आईवडिलांनाही आपल्या पत्रांच्या यादीत सामावून घेतलं, त्याला बराच काळ लोटला. एरवी मी गणपतीच्या कार्यक्रमांची पत्रं वाचतो आणि गप्प बसतो. आज राहवत नाही म्हणून लिहितोय.

माझी मुलगी स्नेहल स्विंडनला असते. दिवाळीपासून तिचा खोकला हटत नाही. रात्री वाढतो, जिना चढताना छातीतून शिट्टी वाजते. ती तिथल्या जीपी सर्जरीत, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, तीनदा गेली आणि तिन्ही वेळा तिला नर्सने तपासलं. औषध लिहून दिलं नर्सने, पंप दिला नर्सने, आणि आता एक्स-रे काढायला सांगितलाय तोही नर्सनेच. डॉक्टरांचं नखही दिसलेलं नाही.

नर्सच्या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. माझी पत्नी अंथरुणाला खिळली होती तेव्हा ज्या सिस्टरांनी तिचं सगळं केलं, त्यांना मी विसरलेलो नाही. पण सेवा करणं वेगळं आणि निदान करणं वेगळं. इथे डिचोलीत साधा ताप आला तरी आपण दवाखान्याच्या बाकावर तासभर बसतो, पण शेवटी छातीला नळी लावतो तो डॉक्टरच. इंग्लंडसारख्या देशात हे कसं चालतं? पैसे वाचवायचे म्हणून? की बाहेरून आलेल्या लोकांनाच असं वागवतात? तुमच्यापैकी कुणाला असा अनुभव असेल तर कळवा. तिला इकडे बोलावून पणजीत दाखवावं असं माझ्या मनात चाललंय.

वसंत

*

प्रेषक: शालिनी, वाळपई
विषय: उत्तर: तिसऱ्या वेळीही नर्सच?

वसंतभाऊ, नमस्कार.

तुमची काळजी रास्त आहे. मी सत्तरी आणि डिचोलीतल्या सरकारी आरोग्य केंद्रांत स्टाफ नर्स म्हणून उभं आयुष्य काढलं, आणि माझी सून तिकडे एका जीपी सर्जरीत नर्स प्रॅक्टिशनर आहे. त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार जवळून पाहिलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

स्नेहलला तपासणारी बाई बहुधा ॲडव्हान्स्ड नर्स प्रॅक्टिशनर असणार. ती आधी नोंदणीकृत नर्स असते, काही वर्षं वॉर्डात किंवा क्लिनिकमध्ये काम करते आणि मग साधारण मास्टर्सच्या पातळीचं शिक्षण घेते. त्यात छाती, पोट, कान तपासणं, निदान करणं, रिपोर्ट वाचणं हे सगळं येतं. औषध लिहिण्याचा अभ्यासक्रम आणि परीक्षा वेगळी. ब्रिटनमध्ये २००६ पासून असा अभ्यासक्रम केलेली नर्स स्वतःच्या सहीने जवळपास सगळी औषधं लिहून देऊ शकते. तेव्हा तिने पंप दिला तो चोरून किंवा डॉक्टरांच्या नावावर दिलेला नाही. आणि बाहेरून आलेल्यांनाच नर्स देतात असंही नाही. गोऱ्या शेजारणीलाही तीच अपॉइंटमेंट मिळते.

याची सुरुवात अमेरिकेत झाली. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने मिळून पहिला अभ्यासक्रम काढला, कारण खेड्यापाड्यांतल्या मुलांपर्यंत डॉक्टर पोचत नव्हते. आज तिथल्या निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे रुग्ण तपासतात.

आता परिणामांचं. न्यूयॉर्कमध्ये १३१६ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं काहींना नर्स प्रॅक्टिशनरकडे आणि काहींना डॉक्टरांकडे पाठवलं होतं. २००० साली त्याचे निष्कर्ष छापून आले. सहा महिन्यांनी पाहिलं तर दोन्हीकडच्या रुग्णांच्या तब्येतीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पुढे २०१८ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने अशा १८ चाचण्या एकत्र तपासल्या. प्राथमिक उपचारांत नर्सकडचे परिणाम डॉक्टरांइतके किंवा थोडे बरे, आणि रुग्ण थोडे जास्त समाधानी, असं त्यात दिसलं. नर्स वेळही जास्त देते. पण हे सगळं प्राथमिक उपचारांपुरतं, हे लक्षात ठेवायचं.

तो जास्तीचा वेळ कुठे कामी येतो ते सांगते. आमच्या केंद्रात एक काजूबागायतदार यायचे. मधुमेह जुना, इन्सुलिन चालू, पण साखर काही केल्या उतरेना. दर खेपेला कागदावर डोस वाढायचा. एके दिवशी मी त्यांना सदरा वर करायला सांगितलं आणि पोटावरून बोटं फिरवली. बेंबीच्या उजव्या बाजूला कातडीखाली टणक गाठी. ते कित्येक महिने त्याच जागी, तीच सुई वापरून इंजेक्शन घेत होते, कारण तिथे दुखत नसे. गाठीत गेलेलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. जागा बदलून घ्यायला शिकवलं, सुई दर वेळी नवीन घ्यायला सांगितलं. आणि हे करताना डॉक्टरांना आधी फोन करून डोस कमी करून घेतला, कारण चांगल्या जागी तोच वाढलेला डोस घेतला असता तर साखर एकदम खाली गेली असती. डॉक्टरांची यात काही चूक नव्हती. बाहेर शंभर माणसं उभी असताना प्रत्येकाचं पोट चाचपायला कुणाला सवड असते?

तो फोन मी केला नसता तर मात्र मी वाईट नर्स ठरले असते. म्हणून तुम्ही स्नेहलला विचारा: त्या नर्सने तिला श्वास जोरात सोडून मोजायचं यंत्र दिलं का? पंप कसा घेते ते समोर करून बघितलं का? आणि तिला शंका आली तर ती कोणत्या डॉक्टरांशी बोलते? या तिन्हींची उत्तरं नीट मिळाली तर तिकीट काढायची घाई करू नका.

शालिनी

*

प्रेषक: डॉ. अजित, म्हापसा
विषय: उत्तर: तिसऱ्या वेळीही नर्सच?

शालिनीताई, वसंतराव,

माझा मुलगा मंडळाचा सभासद, त्याच्यामुळे मी इथे. ताईंच्या पत्रातलं इन्सुलिनचं उदाहरण वाचून आनंद झाला. अशी सिस्टर ज्या केंद्रात असते तिथल्या डॉक्टराची अर्धी चिंता मिटते. तरीही मी वसंतरावांच्या बाजूने बोलणार.

निदान झालेला आजार सांभाळणं आणि निदान न झालेला आजार ओळखणं यांत मोठं अंतर आहे. मधुमेह, रक्तदाब, ठरलेला दमा यांत नर्स उत्तम काम करते, किंबहुना आमच्यापेक्षा चिकाटीने करते. पण महिनोन्महिने चाललेला खोकला म्हणजे दमाच असं नाही. पित्त वर येऊन खोकला होतो, सायनसमुळे होतो, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी होतो. आपल्याकडे दोन आठवडे खोकला राहिला की क्षयासाठी थुंकी तपासायला सांगतात, ते उगाच नाही. ब्रिटनमधला जीपी पाच वर्षं मेडिकल कॉलेज आणि त्यानंतर किमान पाच वर्षं प्रशिक्षण घेऊन खुर्चीत बसतो. दुर्मिळ गोष्ट पाहिलेली असण्यासाठीच ती वर्षं असतात.

ताईंनी चाचण्यांचे दाखले दिले, मीही एक देतो. अमेरिकेत माजी सैनिकांसाठीच्या सरकारी रुग्णालयांत तातडीच्या विभागाचा अभ्यास झाला, तो २०२२ मध्ये मांडला गेला. नर्स प्रॅक्टिशनरने पाहिलेले रुग्ण ११ टक्के जास्त वेळ तिथे राहिले आणि टाळता येण्यासारखी भरती २० टक्क्यांनी वाढली. आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एका तीस वर्षांच्या तरुणीला जीपी सर्जरीत दोनदा तपासलं गेलं, फुप्फुसातली रक्ताची गाठ लक्षात आली नाही आणि ती गेली. तपासणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती हे तिला शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

आपल्याकडे २०१९ च्या वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात कलम ३२ आणून डॉक्टर नसलेल्यांना मर्यादित परवाना द्यायचं ठरलं, तेव्हा देशभरचे डॉक्टर संपावर गेले ते केवळ स्वतःच्या धंद्यासाठी नव्हे. गरिबाला कमी शिकलेला माणूस आणि श्रीमंताला डॉक्टर, अशी वाटणी होऊ नये म्हणून.

वसंतराव, स्नेहलला डॉक्टरांची वेळ मागायला सांगा. तो तिचा हक्क आहे.

अजित

*

प्रेषक: स्नेहल, स्विंडन
विषय: उत्तर: तिसऱ्या वेळीही नर्सच?

बाबा, शालिनीमावशी, डॉक्टरकाका,

तुम्ही सगळे माझ्या छातीवर इतकी चर्चा करताय हे ऑफिसमधून आल्यावर वाचलं. मावशी, हो, पीक फ्लोचं यंत्र दिलंय. पंप समोर घ्यायला लावला आणि चुकत होता तो दुरुस्त केला. रक्ताची तपासणी झाली. भाड्याच्या खोलीत भिंतीला ओल आहे का, बुरशी आहे का, हेही तिनेच विचारलं, आणि आहे. घरमालकाला द्यायला पत्र दिलं. इतकं कुणी विचारलं नव्हतं.

पण एक गोष्ट मला खटकली. पहिल्या वेळी मेसेज आला त्यात ‘क्लिनिशियनबरोबर अपॉइंटमेंट’ एवढंच होतं, डॉक्टर की नर्स ते नव्हतं. ती नर्स आहे हे मला औषधाच्या चिठ्ठीवरून कळलं. नंतर तिने स्वतःच नीट सांगितलं. आधी कळलं असतं तर मी हरकत घेतली नसती, पण कळायला हवं होतं.

एक्स-रे स्वच्छ आहे. परवा जीपीची वेळ मागितली, पुढच्या आठवड्यात मिळाली. बाबा, तिकीट काढू नका.

स्नेहल

*

प्रेषक: शालिनी, वाळपई
विषय: उत्तर: तिसऱ्या वेळीही नर्सच?

डॉक्टर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. निदान आणि देखभाल यांतलं अंतर तुम्ही दाखवलंत ते मला मान्य आहे. माझ्या सुनेच्या सर्जरीतही हाच शिरस्ता आहे: तोच त्रास घेऊन माणूस पुन्हा आला आणि कारण सापडलं नाही, की फाईल डॉक्टरांच्या टेबलावर जाते. इंग्लंडमध्ये २०२५ च्या सप्टेंबरपासून याला ‘जेसचा नियम’ म्हणतात. २७ वर्षांची जेस ब्रेडी वारंवार दाखवूनही कर्करोगाचं निदान न होता २०२० मध्ये गेली. तिच्या आईवडिलांनी नेट धरला तेव्हा हे झालं. तीन खेपांत निदान नाही, तर सगळं पहिल्यापासून तपासायचं. स्नेहलच्या तीन खेपा झाल्या, तेव्हा तिने वेळ मागितली हे अगदी बरोबर केलं.

मात्र तुम्ही सांगितलेल्या त्या तरुणीला ज्यांनी तपासलं, ते नर्स प्रॅक्टिशनर नव्हे तर फिजिशियन असोसिएट होते. हा फरक मोठा आहे. असोसिएट दुसरी पदवी घेऊन दोन वर्षांचं प्रशिक्षण घेतो. त्याला औषध लिहायचा अधिकार नसतो, आधी वॉर्डात काम केलेलं असेलच असंही नाही. त्या प्रकारांनंतर सरकारने प्रा. जिलियन लेंग यांना आढावा घ्यायला सांगितला आणि त्यांनी २०२५ च्या जुलैत सांगितलं की त्यांना ‘असिस्टंट’ म्हणा, वेश आणि बिल्ला वेगळा ठेवा, आणि निदान न झालेले रुग्ण त्यांच्याकडे सरसकट पाठवू नका. नर्सचा दोष नसताना तो आमच्या पदरात पडू नये. पण ‘ॲडव्हान्स्ड नर्स प्रॅक्टिशनर’ या नावालाही ब्रिटनच्या कायद्यात अजून संरक्षण नाही, हे मला सलतं. स्नेहलला ‘क्लिनिशियन’ म्हणून बसवलं तेही याच ढिलाईतून.

आणि डॉक्टर, गरिबाला कमी शिकलेला माणूस मिळू नये हे तुम्ही कळकळीने लिहिलंत, म्हणूनच मी आपल्या गोव्याबद्दल विचारते. पावसाळ्यात रात्री दोनला म्हादईला पूर आलाय, रस्त्यावर झाड पडलंय, आणि केंद्रात सिस्टर आहे, तेव्हा ती काय करते? छातीत कळ आलेल्या माणसाचा ईसीजी आम्हीच काढतो, आता तो बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजातल्या तज्ज्ञांपर्यंत लगेच पोचतो आणि तिकडून सांगतात त्याप्रमाणे सुई द्यायची. ही सोय सोन्याची आहे. पण तापाच्या मुलाला, दम लागलेल्या म्हातारीला, झटका आलेल्या माणसाला पहिला हात नर्सच लावते आणि औषधही देते, तोंडी सांगितलेल्या आदेशावर. सकाळी डॉक्टर सही करतात. काही बिघडलं तर कागदावर सिस्टर उघडी पडते. मी अशा रात्री काढल्यात. पाठीशी ना शिक्षणाचा दाखला, ना कायदा.

१८४२ पासून आपल्या गोव्यात वैद्यकीय शाळा आहे. तिथून शिकून गेलेल्यांना पोर्तुगालात व्यवसाय करायचा तर पुन्हा तिथे जाऊन शिकावं लागे, तरी आफ्रिकेतल्या वसाहतींमध्ये मात्र तेच डॉक्टर चालत. काम करून घ्यायचं आणि मान द्यायचा नाही, हे आपल्या लोकांनी सोसलंय. भारतात २०१६ पासून क्रिटिकल केअरच्या नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, २०१८ पासून बाळंतपणासाठी दीड वर्षाचा. शिकलेल्या मुली बाहेर पडतात आणि परत त्याच स्टाफ नर्सच्या खुर्चीत बसतात.

तुम्ही म्हापशात इतकी वर्षं प्रॅक्टिस केलीत, तुमचा शब्द ऐकतात. माझं मागणं तुमच्याच भाषेत लिहिते: बिल्ल्यावर नाव आणि पद मराठी-कोंकणीत मोठ्या अक्षरांत, नर्सने कोणती औषधं स्वतःहून द्यायची याची लेखी यादी, रात्री कोणत्या डॉक्टरांना उठवायचं त्यांचा नंबर भिंतीवर, आणि उठवल्याबद्दल बोलणी न खाण्याची हमी. यातलं काय कापायचं आणि काय वाढवायचं ते तुम्ही सांगा, मी कच्चा मसुदा या आठवड्यात पाठवते.

स्नेहल, जीपीकडे जाताना पीक फ्लोचे सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत लिहून ने, आणि भिंतीचे फोटोही.

शालिनी