रायझर की डाऊनकमर? पाइप तर एकच आहे

नाइलाजाचा सेक्रेटरी (जुळे सोलापूर):
बिल्डिंग सात मजली, उंची 22 मीटरच्या आसपास. जिन्याशेजारून आग विझवायच्या पाण्याचा लाल पाइप थेट गच्चीपर्यंत गेलाय, दर मजल्यावर एक व्हॉल्व्ह. मंजूर नकाशात त्याला 'डाऊनकमर' म्हटलंय. दुरुस्तीला बोलावलेल्या एजन्सीने मात्र कोटेशनवर 'वेट रायझर' लिहून जमिनीखालची टाकी आणि मोठा पंपही धरलाय. आकडा बघून खजिनदारांचा चहा गार झाला. उभा पाइप तो उभा पाइप, नावाने काय फरक पडतो ओ?

पाइपवाला:
पडतो की! पाइप बघू नका, पाणी कुठून येतं ते बघा. वेट रायझरला ते खालच्या टाकीतून पंपाने वर चढतं आणि पाइप कायम दाबाखाली भरलेला असतो. दाब जरा उतरला की छोटा जॉकी पंप आपोआप सुरू होतो. डाऊनकमरची टाकी गच्चीवर, पाणी खाली उतरतं.

आता तुम्ही म्हणाल, उतरतंच आहे तर गच्चीवर पंप कशाला? 10 मीटर उंचीला साधारण 1 किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब मिळतो. म्हणजे तळमजल्यावर दोन किलो. पण सातव्यावर टाकी डोक्यालाच टेकलेली, तिथं होजमधून (आग विझवायच्या नळीतून) झारीसारखं पाणी पडेल. म्हणून टेरेस पंप. नॅशनल बिल्डिंग कोड 2016 प्रमाणे 15 ते 35 मीटरच्या अपार्टमेंटला डाऊनकमर चालतो. एजन्सीला नकाशा दाखवा आणि गप्प बसा.

नाइलाजाचा सेक्रेटरी:
गच्चीवर जाऊन आलो. पंप आहे, स्टार्टरची पेटी गंजलीय. टाकीत वीतभर पाणी! नळ रोज येत नाही, त्यामुळे वॉचमन त्यातलंच वापरायला सोडतो म्हणे. त्याला तरी काय बोलणार, मागच्या उन्हाळ्यात मीच 'कुठूनही दे बाबा' म्हटलं होतं.

पाइपवाला:
जोडणी उलटी झालीय. भरणा आधी फायरच्या टाकीत, ती भरून वाहिली की मग घरगुती टाकीत. आग लागेल तेव्हा नळाचा दिवस असेलच असं नाही.

बंबावरचा माणूस (निवृत्त):
एक राहिलं. गेटजवळ त्याच पाइपला इनलेट असेल. बंब आला की आम्ही तिथून पाणी वर ढकलायचो. तेव्हा डाऊनकमरमध्येही पाणी चढतंच, नाव बदलत नाही. पण गच्चीवर टाकीनंतर एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) धड नसेल तर आमचं सगळं पाणी तुमच्या टाकीत जातं आणि मजल्यावर होज लोळत पडतो. एनआरव्हीच्या अंगावर बाण असतो. तो टाकीकडून पाइपकडे हवा. फोटो टाका.

नाइलाजाचा सेक्रेटरी:
बाणावर लाल रंगाचे तीन थर आहेत. उद्या खरवडून बघतो.