कुंपणावरचे दोन सरडे: नर आणि मादी

ताई, गंगापूर रोडच्या तुमच्या कुंपणावर लाल गळ्याचा एक आणि मातकट एक असे दोन सरडे दिसतात, ते वेगळ्या जातींचे का, असं तुम्ही विचारलंत. वर्णनावरून दोन्ही आपले साधे बागेतले सरडेच वाटतात. लाल तो नर, मातकट ती मादी.

विणीच्या काळात नराचं डोकं नि गळा लालबुंद होतो, गळ्याच्या बाजूंना काळे डाग उठतात. मग तो उंच जागा गाठून मान डोलावतो, पैलवानासारखे जोर काढतो. दुसरा नर समोर आला तर हे जास्तच. हरला, की रंग बघता बघता उतरतो! पांडवलेण्यांच्या पायथ्याशी मी हे तासभर पाहिलंय. एरवी ओळखायचं तर नराचे गाल फुगीर, मानेवरचा तुरा मोठा, शेपटीचं बूड जाड.

साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरच्या 'सरडा सुपर्बा' या वेगळ्या जातीचा नर तर गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखाच उघडतो. मादीला असा रंगीत पंखा नसतो. त्याच्या प्रजातीला (genus) 2016 साली 'सरडा' हे आपलंच नाव मिळालं.

आणि बागेतला सरडा रक्त पितो असं समजून मुलं दगड मारतात, त्यांना कृपया थांबवा. तो किडे खातो. मादी मऊ मातीत अंडी घालते, म्हणून कुंपणाजवळची माती सध्या खणू नका.