मदत हवी आहे: चौथी-पाचवीला इंग्रजी शिकवताना मराठी अर्थाची सवय कशी मोडू?

पाटीपेन्सिल

नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला एका मराठी प्राथमिक शाळेत मी अतिथी शिक्षिका आहे. चौथी आणि पाचवी एकाच खोलीत बसतात, मिळून १७ मुलं. माझे विषय खरं तर मराठी आणि समाजविज्ञान. इंग्रजी गळ्यात पडलंय.

अडचण अशी आहे. मी पुस्तकातलं एक वाक्य वाचते आणि लगेच मराठीत सांगते. मुलांना हे इतकं अंगवळणी पडलंय की मी इंग्रजी वाचत असते तेव्हा ती खिडकीबाहेर बघतात आणि मी मराठीवर आले की माना वळवतात. गेल्या आठवड्यात मुद्दाम तपासलं. "ओपन युअर बुक" म्हणाले आणि गप्प उभी राहिले. कुणी पुस्तकाला हात लावला नाही. सगळे माझ्या तोंडाकडे. शेवटी एकजण म्हणाला, "टीचर, फुडं सांगा की." हे वाक्य मी जूनपासून रोज म्हणते हो!

वह्या बघाल तर फसाल. अक्षर मोत्यासारखं, प्रश्नोत्तरांत एक चूक नाही. पण ते चित्र काढल्यासारखं उतरवलेलं असतं. "कॅट" वाचायला दिलं तर "सी, ए, टी, मांजर" असं वाचतात. मधला "कॅट" कुठं गेला ते देवाला ठाऊक.

शिवाय पाचवीत यंदा एक मुलगी आलीय. घरी कन्नड, आधीची शाळाही कन्नड. वडील वीटभट्टीवर आले आणि गावात आमचीच एक शाळा, म्हणून ती मराठीत बसली. आल्यापासून वर्गात अक्षर बोललेली नाही. मराठीतही नाही, इंग्रजी तर दूरच.

एका प्रशिक्षणात सांगितलं होतं की इंग्रजीच्या तासाला फक्त इंग्रजी बोला. बोलले. पहिल्या दिवशी मुलं हसली, दुसऱ्या दिवशी दोघं रडकुंडीला आली, तिसऱ्या दिवशी एकाची आई शाळेत. नेटवर शोधलं तर सगळं अमेरिकेतल्या वर्गांबद्दल. तर नेमकं काय करू? तास ४० मिनिटांचा. पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही पाहुण्यासारख्या, तेव्हा कृपा करून व्हिडिओ सुचवू नका.

(इंग्रजी वाक्यं देवनागरीतच लिहिलीत. फोनवर कीबोर्ड बदलत बसायचा कंटाळा.)

सीमेवरचा

पट टिकवायचा असेल तर पहिलीपासून सगळंच इंग्रजीत करा. आमच्या गावची निम्मी पोरं सकाळी पिवळ्या गाडीत बसून शहराकडं जातात.

पाटीपेन्सिल

आमच्याही गावात गाडी येते. त्या गाडीतल्या दोघांची शिकवणी मी संध्याकाळी घेते. त्यांनाही "सी, ए, टी, मांजर"च येतं, फक्त टाय लावून. माझा प्रश्न उद्या सकाळच्या तासाचा आहे.

निवृत्त मास्तर

बाई, निपाणी भागात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी दोन इयत्ता एका खोलीत घेऊन. तुमच्यासारखंच केलं आणि तुमच्यासारखाच फसलो, म्हणून लिहितो.

मराठी बंद करू नका, तिची जागा बदला. तुम्ही मराठी शेवटी सांगता, म्हणून मुलं शेवटाची वाट बघतात. मराठी मधे घाला. "ओपन युअर बुक", मग हळू आवाजात "पुस्तक उघडा", मग परत ठसक्यात "ओपन युअर बुक". शेवटचा शब्द इंग्रजीचा राहू दे. याला सँडविच म्हणतात असं मला फार उशिरा कळलं, आमच्या घरी ते भाकरीत पिठलं होतं. दोन-तीन दिवसांनी मधलं मराठी गाळायचं आणि हाताची खूण ठेवायची. नंतर खूणही काढायची. एकदा गाळलेलं वाक्य परत मराठीत सांगायचं नाही, कितीही केविलवाणं बघू देत. मात्र अशी वाक्यं आठवड्याला पाचच घ्या. तुम्ही एकदम सगळा तास इंग्रजीत केलात, म्हणून ती आई शाळेत आली.

दुसरं म्हणजे हुकूम. जेम्स ॲशर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात ही पद्धत मांडली: शिक्षकानं सांगायचं, मुलांनी अंगानं करून दाखवायचं, तोंडानं काही म्हणायची सक्ती नाही. स्टँड अप. टच द डोअर. पुट द डस्टर अंडर द चेअर. आधी तुम्ही करून दाखवा, मग दोघांना बरोबर घेऊन, मग फक्त तोंडी. सगळं जमायला लागलं की एक अशक्य हुकूम सोडायचा. मी "टच द रूफ" म्हणायचो. ज्याला कळलं तो हसतो, ज्याला नाही कळलं तो शेजाऱ्याकडे बघतो. यापेक्षा सोपी परीक्षा मला सापडली नाही.

"अंडर", "ऑन" याच खेळात उरकून टाका. आपण "टेबलावर" म्हणतो, तो "वर" शब्दाच्या मागे येतो, म्हणून पोरं "टेबल ऑन बुक" लिहितात आणि पुस्तकावर टेबल चढवतात. एकदा खरंच एका मुलाला पुस्तकावर टेबल ठेवायला सांगा. जन्मात विसरणार नाही.

आणि प्रश्न विचारला की मनात एक-दोन-तीन मोजा. मेरी बड रो या बाईंनी वर्गात घड्याळ लावून पाहिलं होतं: शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि मागच्या बाकावरचेही हात वर होतात. तीन सेकंद म्हणजे किती मोठा काळ असतो ते फळ्यापाशी उभं राहिल्यावरच कळतं.

भाषावेल्हाळ

मास्तरांशी सहमत. नेटवरचं साहित्य लागू का पडत नाही त्याबद्दल थोडं. तिकडचं मूल स्थलांतरित असतं. वर्गातून बाहेर पडलं की बस, दुकान, खेळ सगळीकडे इंग्रजीच. तरीसुद्धा जिम कमिन्स यांनी कॅनडातल्या मुलांचा अभ्यास करून सांगितलं की बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाची भाषा बरोबरीच्या मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात. तुमच्या मुलांना ४० मिनिटांचे सहा तास धरले तरी आठवड्याला चार तास मिळतात. त्यातले निम्मे मराठी अर्थात गेले तर दोन. तेव्हा स्वतःला फार बोल लावू नका.

नव्या मुलीचं मात्र उलट आहे. तिच्या बाबतीत ते अमेरिकेतलं साहित्य चक्क लागू पडतं, कारण तिच्यासाठी मराठी हीच आजूबाजूची परकी भाषा. नव्या भाषेत पडलेली मुलं कित्येकदा काही महिने गप्प राहतात, ऐकून साठवत असतात. बोलायला लावू नका, दाखवायला लावा: बोट दाखव, दोन चित्रांतलं एक उचल, हो की नाही मान हलव. शेजारी थोडं कन्नड येणारी मैत्रीण द्या. घरी बोलते का, हे आईला एकदा विचारून घ्या, आणि कान तपासून घेतलेले बरे.

एक आगाऊ सल्ला: तुमच्याकडे मुलं "काय करालास?", "जेवालोय" म्हणतात ना? मग त्यालाच थेट "व्हॉट आर यू डुइंग?", "आय ॲम ईटिंग" जोडा. आधी "जेवत आहे" असं पुस्तकी मराठी, मग इंग्रजी, हा दुहेरी जिना कशाला?

हलशीकर

"सी, ए, टी, मांजर" यावर. क ला आपण "क" म्हणतो, नाव आणि आवाज एकच. कन्नडचंही तसंच. इंग्रजी ही या मुलांची पहिली लिपी, जिथं अक्षराचं नाव एक आणि आवाज भलताच. आपण आधी २६ नावं पाठ करून घेतो आणि मग म्हणतो वाचा. ती बिचारी नावंच वाचतात.

नावं थोडे दिवस बाजूला ठेवा. एस, ए, टी, आय, पी, एन ही सहाच अक्षरं घ्या, पण आवाजानं: स्, ॲ, ट्, इ, प्, न्. एवढ्यावर सॅट, पिन, टिन, टॅप, नॅप, पॅन, सिट वाचून होतात. खपट्याचे तुकडे कापा, मुलांनाच अक्षरं धरून उभी करा, जवळ जवळ सरकायला लावा. मुलं सरकली की आवाजही जुळतात. माझ्या वर्गात पहिलीतल्या पोरांनी हे चौथीच्या आधी केलं, हे चौथीला फार लागलं.

आता गंमत. "गेट" म्हणजे मिळणं आणि "गेट" म्हणजे फाटक. "वेट" म्हणजे ओलं आणि "वेट" म्हणजे थांब. मराठीत लिहिलं तर दोन्ही सारखेच, कारण आपल्याकडे ए एकच. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए ही दोन वेगळी अक्षरं आहेत! तुमच्या पाचवीला कन्नड विषय आहेच. फळ्यावर दोन्ही शब्द कन्नडमध्ये लिहून दाखवा, फरक कानाला लगेच लागतो. आणि लिहायला त्या नव्या मुलीला बोलवा. उलट तिचं "ब्याट" होत असेल तर आपल्या मुलांनी तिला ॲ शिकवावा, तो मराठीची मुलं सहज म्हणतात.

पाटीपेन्सिल

हलशीकर, हे गेट-वेट मला पस्तिसाव्या वर्षी कळतंय! उद्याच करते. एक अडचण: कौलांवर पाऊस कोसळायला लागला की माझाच आवाज मला ऐकू येत नाही. "स्" आणि "फ्" तर गेलेच. आमच्याकडे असे दिवस मोजायचे म्हणजे पंचाईत.

निवृत्त मास्तर

पावसाच्या दिवशी चिठ्ठ्या. हुकूम कागदावर लिहा, घडी करा, डब्यात टाका. एकानं चिठ्ठी काढून मनात वाचायची आणि करून दाखवायचं. बाकीच्यांनी काय लिहिलंय ते पाटीवर लिहायचं. सगळा वर्ग गप्प, तरी सगळे वाचतायत. चौथीच्या चिठ्ठ्या दोन शब्दांच्या, पाचवीच्या पाच, म्हणजे दोन्ही इयत्ता एकाच खेळात.

कुंदाप्रेमी

मी शिक्षिका नाही, पालक आहे. मुलाच्या बाई रोज एका मुलाला घरची बातमी सांगायला लावायच्या, मराठीत. आमच्या पोरानं सांगितलं, "आमची म्हस व्याली." बाईंनी फळ्यावर इंग्रजीत लिहिलं: "अवर बफेलो हॅड अ काफ. इट इज ब्लॅक." दोनच वाक्यं. पोरानं घरी येऊन गोठ्यात म्हशीला वाचून दाखवली. पुस्तकातला धडा त्यानं कुणाला वाचून दाखवल्याचं आठवत नाही. बिस्किटाचे कागद, बियाणाच्या पिशव्या, बसवरचे बोर्डही त्या गोळा करून भिंतीला लावायच्या.

पाटीपेन्सिल (तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतेय, काय झालं ते सांगायला.

"ओपन युअर बुक" सुटलं. मधलं मराठी चौथ्या दिवशी गाळलं. पहिल्यांदा पाचजणांनी उघडलं, बाकीच्यांनी त्या पाचांचं बघून. बघून का होईना. आता १५ वाक्यं बिनमराठीची आहेत, भिंतीवर यादी लावलीय. मी चुकून मराठीत सांगितलं तर मुलंच यादीकडे बोट दाखवतात. तीन सेकंद थांबणं मला अजून जमत नाही. दोनला तोंड उघडतंच.

टेबल पुस्तकावर ठेवलं. पुस्तकाचं कव्हर फाटलं, माझंच होतं.

सहा अक्षरांचं काम संथ चाललंय. चौथीतले तीनजण जोडून वाचतात, पाचवीतल्या हुशार मुलांना मात्र राग येतो, त्यांना "बाळबोध" वाटतं. त्यांना मी चौथीचे मास्तर केलंय, तेव्हापासून जरा नरम आहेत.

फसलेलं: "आय हॅव अ ..." असा साचा देऊन वाक्यं करायला सांगितली. पहिला म्हणाला "आय हॅव अ काऊ", आणि नवी मुलगी सोडून पुढच्या पंधरांकडेही गाय निघाली. गावात एवढ्या गाई नाहीत. आता साच्याबरोबर चित्राची चिठ्ठी देते, ज्याच्या हातात छत्री त्यानं छत्रीच म्हणायचं.

नव्या मुलीच्या आईला भेटले. घरी अखंड बोलते म्हणे, कानही ठीक आहेत. तिनं फळ्यावर गेट-गेट आणि वेट-वेट कन्नडमध्ये लिहिले. पाठमोरीच लिहिले, पण अक्षर असं की पोरं गप्प झाली. वर्गात अजून बोलत नाही. परवा मधल्या सुट्टीत नळापाशी ढकलाढकली चालली होती. तिनं चौथीतल्या एकाच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "वेट!" तो जागच्या जागी थांबला आणि मला ओरडून विचारतो, "टीचर, थांब म्हणालीय का भिजलास म्हणालीय?"

निवृत्त मास्तर

पाऊस होता का?

पाटीपेन्सिल

होता.

निवृत्त मास्तर

मग दोन्हीला मार्क द्या.