सामाईक प्लॉट: एप्रिलची पेरणी, वालाचं बी आणि घोड्याचं खत

प्रेषक: बागकाम समिती

मंडळी, सप्रेम नमस्कार.

लंडनमधल्या हॅरोच्या अलॉटमेंटवरचा (भाजी पिकवायला भाड्याने मिळणाऱ्या जागेतला) अर्धा प्लॉट, म्हणजे साधारण 125 चौरस मीटर, यंदा सामाईक करायचं ठरलंय. घरोघरून आलेल्या यादीत वाल, गवार, अंबाडी, मेथी, कोथिंबीर, मुळा आणि दुधी आहे. वालाला सगळ्यात जास्त मागणी आहे, म्हणून कुंपणाकडची अख्खी ओळ त्यालाच द्यावी असा विचार आहे. दुसरं म्हणजे, जवळचा एक तबेला घोड्याचं खत ट्रेलरभर फुकट द्यायला तयार आहे. शनिवारी आणून पसरायचं का? जाणकारांनी सांगावं.

— समिती

*

प्रेषक: हाऊन्स्लोहून

समितीस नमस्कार.

वालाला अख्खी ओळ देऊ नका. तो इथे उगवतो आणि वाढतोही. अडतं ते फुलोऱ्याशी. कधी फुलायचं हे वाल रात्रीच्या लांबीवरून ठरवतो, आणि आपले बरेचसे गावठी वाण रात्र लांबल्याशिवाय तुरा काढत नाहीत. पुण्यात वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. लंडनमध्ये 21 जूनला तो साडेसोळा तासांच्या वर जातो. तेरा तासांवर यायला इथे सप्टेंबरचा दुसरा आठवडा उजाडतो, बारावर यायला सप्टेंबर संपत येतो. त्यामुळे ऑगस्टभर वेल मांडवावर नुसता माजतो आणि तुऱ्याचा पत्ता नसतो. फुलं येतात तेव्हा रात्री गार झालेल्या असतात, शेंग धरत नाही. अशा वेळी खत कमी पडलं असं वाटून लोक आणखी खत घालतात, त्याने पालाच वाढतो. तुरीचीही हीच गत. गवारीला तर ऊबच एवढी लागते की इथल्या उघड्या वाफ्यात तिच्या नादी लागू नये.

बंगळूरच्या भारतीय बागवानी अनुसंधान संस्थेचे ‘अर्का जय’ आणि ‘अर्का विजय’ हे वालाचे बुटके वाण दिवसाच्या लांबीला बांधलेले नाहीत. करून बघायचंच असेल तर हे बघा, तेही काचघरात. मात्र भारतातून पेरणीचं बी आणायला फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (बी रोग-किडींपासून मुक्त असल्याचा सरकारी दाखला) लागतं. सामानातून पुडी टाकून आणू नका. बियांबरोबर रोगही येतात, आणि शेजारी इतरांचे प्लॉट आहेत.

कुंपणाकडे श्रावणघेवडा आणि रनर बीन (घेवड्याचाच उंच वेलाचा भाऊबंद) लावा. 2.4 मीटरचे बांबू, दोन ओळींत 60 सेंमी आणि ओळीत 30 सेंमी अंतर, माथ्यावर एकमेकांना बांधलेले. बांबूला दोन बिया, 5 सेंमी खोल. जमीन 12 अंशांच्या खाली असेल तर बी कुजतं, म्हणून उघड्यावर मे महिन्याच्या मध्याआधी टोकू नका. बिरड्याची हौस असेल तर ब्रॉड बीन (बाकला) आत्ताच टोका, 20 सेंमीवर एक. कोवळे दाणे उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून साल काढली की बिरडं चांगलं होतं. फक्त घरात कुणाला जी-सिक्स-पीडीची (रक्तपेशींतल्या एका एन्झाइमची) जन्मजात कमतरता असेल तर त्यांनी ब्रॉड बीन अजिबात खाऊ नये.

*

प्रेषक: ईलिंगहून

नमस्कार. हाऊन्स्लोच्या दादांनी वालाचं सांगितलं ते बरोबरच आहे. बाकीची यादीही दिवसाच्या लांबीनेच लावली तर सोपी होते.

अंबाडी वालाच्याच गटातली, पण आपल्याला तिचं फूल नकोच, पाला हवा. दिवस मोठा असेपर्यंत ती फुलत नाही, पानंच देत राहते. थंडी मात्र तिला सोसत नाही. एप्रिलअखेर घरात कुंड्यांत पेरा, जूनच्या पहिल्या आठवड्यात दक्षिणेकडच्या भिंतीलगत किंवा पॉलिटनेलमध्ये (प्लास्टिकच्या बोगद्यासारख्या मांडवात) लावा, आणि 30 सेंमी झाली की शेंडा खुडा म्हणजे फांद्या फुटतील.

कोथिंबीर, शेपू, पालक आणि मुळा हे नेमके उलटे: दिवस मोठा झाला की त्यांना फुलाचा दांडा सुटतो. मे-जूनमध्ये पेरलेली कोथिंबीर चार-सहा पानं देते आणि बारीक कातरलेली पानं काढत वर जाते, त्याला बियाणं जबाबदार नाही. आत्ता एप्रिलमध्ये एक पेरणी करा आणि दुसरी, मोठी, जुलैच्या शेवटापासून ऑगस्टअखेरपर्यंत. दुसरीचा पाला खरा. धणे लाटण्याने हलके दाबून दोन डाळ्या वेगळ्या करा, रात्रभर भिजवा, 1 सेंमी खोल ओळीत पेरा. ट्रेमधून रोपं उचलून लावू नका. सोटमूळ दुखावलं की ती लगेच फुलावर येतात. पांढरा मुळाही ऑगस्टमध्येच. आत्ता टाकला तर बोटाएवढा होऊन निबर होतो.

मेथी लवकर हाती येते म्हणून तिला हा हिशोब फारसा आड येत नाही. एप्रिल ते सप्टेंबर, दर पंधरा दिवसांनी एक वाफा. किराणा दुकानातले मेथीदाणे चालतात, पण आधी वीस दाणे ओल्या कागदात गुंडाळून बघा. चार दिवसांत पंधरांना तरी मोड यावेत. जुडीसाठी दाट हवी असेल तर चौरस मीटरला 10 ते 15 ग्रॅम फेका, दाताळ्याने मातीत मिसळा, फळीने दाबा. एप्रिलमध्ये काढणीला पाच-सहा आठवडे धरा, जूनमध्ये चार. उगवल्यावर रोपं बुडाशी काळी पडून कोलमडत असतील तर पाणी जास्त होतंय. सकाळी घाला, संध्याकाळी नको.

आणि एक. पेरणीची घाई वापसा (मातीत पेरणीजोगी ओल) बघून करा. हॅरोची माती चिकण, लंडन क्ले. मूठभर घेऊन दाबा आणि अंगठ्याने ढकला: भुगा झाला तर पेरा, चकाकणारा गोळा राहिला तर आठवडाभर वाफ्यात पाऊलही टाकू नका. ओली चिकण माती तुडवली की वीट होते आणि त्या हंगामात परत मोकळी होत नाही.

*

प्रेषक: वेम्बलीहून

समितीला कळकळीची विनंती: शनिवारी खत पसरू नका.

कुरणातलं रुंद पानांचं तण मारायला अमिनोपायरॅलिड नावाचं तणनाशक मारतात. गवताला त्याने काही होत नाही. ते गवत घोडा खातो, औषध पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं, आणि खत कुजलं तरी टिकतं. 2008 साली या देशात असंख्य अलॉटमेंटवर याने पिकं गेली. तेव्हा त्याची विक्री काही काळ थांबवली होती, नंतर अटी घालून परत सुरू झाली. घेवडा, वाटाणा, टोमॅटो, बटाटा यांना ते अजिबात सोसत नाही. मेथीही शेंगवर्गीयच, म्हणजे आपला निम्मा प्लॉट धोक्यात येईल.

तबेल्याला दोन प्रश्न विचारा: गवत कुणाच्या कुरणातलं, आणि त्यावर काय मारलं होतं. ‘माहीत नाही’ हेच उत्तर बहुधा मिळेल, कारण गवत विकत घेतलेलं असतं. म्हणून चाचणी करा. ढिगाच्या पाच-सहा ठिकाणचं खत घ्या, विकतच्या कंपोस्टमध्ये निम्मंनिम्मं मिसळा आणि 15 सेंमीच्या तीन कुंड्या भरा. आणखी तीन कुंड्यांत नुसतं कंपोस्ट. प्रत्येकीत ब्रॉड बीनच्या तीन बिया. दोन्ही गटांच्या बशा वेगळ्या ठेवा, नाहीतर निचऱ्याचं पाणी एकातून दुसऱ्यात जातं. चार आठवडे थांबा आणि फक्त नवी पानं बघा. निरोगी पान सपाट उघडतं. बाधा असेल तर ते पेल्यासारखं आत वळतं, शिरा एकमेकींना समांतर आणि जवळ येतात, शेंडा नेच्याच्या कोंबासारखा गुंडाळलेला राहतो. खालची जुनी पानं ठीक दिसली म्हणून फसू नका.

खत स्वच्छ निघालं तरी ताजं असेल तर सहा महिने झाकून कुजवा. कोथिंबीर आपण कच्ची खातो. त्या वाफ्यात कच्चं खत आणि काढणी यांत किमान चार महिने जायला हवेत. बाधित खत आधीच कुठे पडलं असेल तर ती माती दर काही आठवड्यांनी खणून उलटीपालटी करा, कारण ते औषध मातीतले जीवाणूच मोडतात. तिथे मका लावा. मक्याला काही होत नाही.

*

प्रेषक: ईलिंगहून

दुधीचं राहिलंच. बी रात्रभर भिजवून 9 सेंमीच्या कुंडीत उभं, कडेवर खोचा. आडवं ठेवलं की त्यावर पाणी साचून कुजतं. 22 ते 25 अंश ऊब, एप्रिलच्या मध्यापासून. रात्री 12 अंशांच्या वर स्थिरावल्या की जूनमध्ये लावा, पॉलिटनेल असेल तर मेअखेर. मुख्य वेलीवर नरफुलंच जास्त येतात, म्हणून ती दीड-दोन मीटर झाली की शेंडा खुडा. बाजूच्या फांद्यांवर मादीफुलं धरतात, देठाशी बोटाच्या पेराएवढा लवदार दुधी घेऊन. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि तेव्हा इथल्या मधमाश्या घरी गेलेल्या असतात. नरफूल तोडा, पाकळ्या मागे मुडपा, पराग मादीफुलाच्या मध्यावर टेकवा. न केल्यास तो छोटा दुधी चार दिवसांत पिवळा पडून गळतो. त्याला लोक रोग समजून फवारत बसतात.

*

प्रेषक: बागकाम समिती

सर्वांचे मनापासून आभार. वाल आणि गवार यादीतून काढले आहेत. कुंपणाकडे घेवडा, ब्रॉड बीन या रविवारी. खत येणार नाही. फक्त दोन बादल्या चाचणीसाठी.

जुलै-ऑगस्टमध्ये निम्मी घरं भारतात असतात आणि ऑगस्टची पेरणी तेव्हाच येते, म्हणून पाण्याची पाळी आत्ताच लावतोय. साइटवर नळीला परवानगी नाही, टाकीतून झारीनेच. कोरड्या आठवड्यात चौरस मीटरला 20 ते 25 लिटर, एकदाच आणि खोल. रोज शिंपडू नये. दर पाळीला दोन घरं.

गणपतीत भाजी विकून मंडळाला निधी उभारावा अशी सूचना आली होती. इथल्या 1922 च्या अलॉटमेंट कायद्यात अलॉटमेंट म्हणजे मुख्यतः स्वतःच्या कुटुंबाच्या खाण्यासाठी भाजी-फळं पिकवायची जागा. जास्तीची भाजी वाटू, विक्रीचं कौन्सिलला विचारल्याशिवाय नको. करार एकाच सभासदाच्या नावावर आहे आणि पोटभाड्याला मनाई आहे, तेव्हा वाफे नावावर न करता सगळं सामाईकच ठेवू. पाळीसाठी आपल्या तारखा शुक्रवारपर्यंत याच धाग्यावर कळवा.

— समिती