कण 'पळतो', 'सुटतो' की 'निसटतो'?

प्रश्न: अकरावी-बारावीच्या मुलांसाठी ब्राउनी गतीवर, म्हणजे द्रवातल्या बारीक कणांच्या वेड्यावाकड्या भरकटण्यावर, लिहिते आहे. पाण्यात भरकटणारा कण भांड्याच्या काठाला पहिल्यांदा टेकेपर्यंत सरासरी जो वेळ जातो, त्याला 'पलायनकाळ' म्हणावं का? शिवाय 'विसरण' (diffusion, कणांचं आपोआप पसरत जाणं) म्हटलं की मुलांना 'विसरणे' आठवतं. काय करू?

उत्तर: ताई, आधी विसरण. विसरणे आलं 'विस्मृ'पासून, विसरण 'वि + सृ'पासून. सृ म्हणजे सरणे. अभिसरण, प्रसरण याच घरातले. धरणातून होतो तो 'विसर्ग' मात्र 'सृज्'चा, म्हणजे सोडणे. तिथे दार उघडणारा कुणीतरी असतो. हे तीन धातू एकदा फळ्यावर लिहाच.

पलायन नको. पळायला इच्छा लागते. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्ये परागकणांतले बारीक कण हलताना पाहिले, तेव्हा त्यालाही आधी ते सजीवपणाचं लक्षण वाटलं होतं. मग दगडाची पूडही तशीच थरथरताना दिसली. मर्जी नाहीच, रेणूंचे धक्के आहेत. म्हणून अशा गतीला (random) 'स्वैर'पेक्षा 'यादृच्छिक' शब्द बरा. 'सुटका'ही नको, तिला सोडवणारा लागतो.

प्रश्न: पण पाणी ढवळलं तर प्रवाहच सोडवतो ना?

उत्तर: इथेच गंमत आहे. १ सेंमी त्रिज्येचा पाण्याचा पातळ गोल थर घ्या. मधोमध असलेल्या लहानशा रेणूला काठ गाठायला सरासरी सात तासांच्या आसपास लागतात. त्रिज्या निम्मी केली तर वेळ पाव. आता पाणी केंद्राभोवती गरगर फिरवा. शाईचा थेंब टाकला तर त्याची नक्षी झरझर फिरताना दिसेल, पण या सरासरीत सेकंदाचाही फरक पडणार नाही. फिरणारं पाणी कणाला काठाकडे ढकलतच नाही, नुसतं वळवतं. 'भोवऱ्यात सापडला' म्हणायची आपल्याला सवय, पण इथे भोवरा धरूनही ठेवत नाही.

आकार गोल नसेल तर? अय्यर, नोविकोव्ह, रिझिक आणि झ्लाटोश या गणितज्ञांनी २०१० मध्ये सिद्ध केलं की मध्ये भोक नसलेल्या कुठल्याही बिगरगोल सपाट आकारात असा एखादा प्रवाह सापडतोच, जो बाहेर पडायला लागणारा जास्तीत जास्त सरासरी वेळ (कण सर्वांत अडचणीच्या जागेवरून निघाला तर लागणारा) आणखी लांबवतो. पाणी काठाबाहेर जात नाही आणि दाबलं जात नाही, एवढीच अट. म्हणजे ढवळणं कणाला अडवूनही ठेवू शकतं! त्याला सोडवणारा कसं म्हणणार?

मथळ्यात 'निर्गमनकाळ' ठेवा, वाक्यात 'निसटतो' लिहा: 'कण काठाशी येऊन निसटेपर्यंतचा सरासरी वेळ.'