मदत हवी आहे: ऑइल चेंबरचे आटे गेलेत, हेलिकॉइल की भरीव स्लीव्ह?

घरी गाडीचं इंजिन ऑइल बदलताना ड्रेन बोल्ट (चेंबरमधलं ऑइल खाली सोडायचा बोल्ट) जास्त आवळला गेला आणि चेंबरमधले आटे सोलून निघाले. चेंबर ॲल्युमिनियमचा, बोल्ट एम १४ × १.५ (व्यास १४ मिमी, दोन आट्यांतलं अंतर १.५ मिमी). कारण नेहमीचंच: चपटा झालेला जुना वॉशर, त्यामुळे गळती, मग ती थांबवायला लांब दांड्याच्या पान्याने आणखी जोर. खरं तर या मापाला साधारण ३५-४० न्यूटन-मीटर पुरतात. आता बोल्ट शेवटी नुसता फिरतो, ऑइल ठिबकतं. गाडी जागेवरच उभी आहे.

स्वतःच आटे पाडणारा जाड बोल्ट नको आहे. तो जरा तिरका गेला तरी ओतीव चेंबरला तडा जाऊ शकतो. टेफ्लॉन टेप, एम-सील तर नाहीच नाही.

हेलिकॉइल म्हणजे भोकात नव्या आट्यांसाठी बसवायची तारेची गुंडाळी. बोल्ट काढताना ती सोबत बाहेर यायची भीती वाटते. म्हणून थ्रेडलॉकर (आटे घट्ट धरणारा गोंद) लावून भरीव स्लीव्ह (आतून-बाहेरून आटे असलेली धातूची नळी) बसवण्याकडे कल आहे. कुणी बसवली आहे का, किती ऑइल बदल टिकली?

चेंबर न उतरवता टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारायचा तर खाचांत ग्रीस भरून, दर अर्ध्या फेऱ्याला टॅप मागे घेऊन, शेवटी अर्धा लिटर स्वस्त ऑइल ओतून कीस धुणं पुरेल का? की चेंबर उतरवून नव्याने सिलिकॉन लावणंच बरं? गाडीखाली आडवं पडून भोक काटकोनात कसं ठेवता? आणि पुण्यात, भोसरीकडे, एम १४ ची स्लीव्ह सुटी मिळते का?