मदत हवी आहे: श्वसनाची औषधं पाठ आहेत, पण रुग्णासमोर 'कोणतं आणि का' हे सांगता येत नाही

नमस्कार. मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत गावातच, मराठी माध्यमात शिकले. फार्माकॉलॉजी गेल्या वर्षी झाली, तेव्हा श्वसनाच्या औषधांचे तक्ते घडाघडा म्हणून दाखवत होते. सध्या छातीच्या वॉर्डात पोस्टिंग आहे आणि तिथे ते तक्ते माझ्या काहीच कामाला येत नाहीत, म्हणून हा धागा.

मला केस घ्यायला एक मावशी दिल्या होत्या. वय ५८. विडी, मिश्री काही नाही, पण लग्न झाल्यापासून चुलीवर स्वयंपाक. बारा वर्षांपूर्वी टीबी झाला होता, कोर्स पूर्ण केलेला. तीन-चार वर्षांपासून दम लागतो, हंडा घेऊन चढ चढताना दोनदा टेकावं लागतं. थंडीत खोकला आणि बेडका वाढतो.

मी विचारलं, "मावशी, औषध कसं घेता?" त्यांनी पिशवीतून कॅप्सूलची डबी काढली. "सकाळी एक, रात्री एक, पाण्यासंगं." कॅप्सूल फॉर्मोटेरॉल (श्वासनलिका उघडणारं औषध) आणि बुडेसोनाइड (सूज कमी करणारं स्टिरॉइड) यांच्या, यंत्रात घालून श्वासाने आत ओढायच्या. यंत्र मात्र खोक्यातच होतं, वरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. पाच महिने मावशी त्या गिळत होत्या आणि केसपेपरवर दर भेटीला लिहिलेलं होतं, 'औषधाला प्रतिसाद कमी'. मला फार वाईट वाटलं. एकदा कुणी "दाखवा बरं कसं घेता" म्हटलं असतं तरी कळलं असतं.

राउंडला सरांनी विचारलं, हा दमा की सीओपीडी (श्वासनलिकांत कायमचा अडथळा येणारा फुप्फुसाचा आजार)? मी म्हटलं सीओपीडी, पण का ते धड सांगता आलं नाही. मग म्हणाले, दम्यात नुसतं लाबा (श्वासनलिका बराच वेळ उघडी ठेवणारं औषध) का द्यायचं नाही, आणि सीओपीडीत चालतं ते का? मी गप्प. शेवटी विचारलं, फॉर्मोटेरॉल आणि सालमेटेरॉल दोन्ही बारा तास टिकतात, मग धाप लागल्यावर एक चालतं आणि दुसरं नाही, असं का? 'दोन्ही लाबा' एवढंच मला येत होतं.

हे तिन्ही प्रश्न कुणी मुळापासून समजावेल का? आणि एक चौथा, माझ्या दृष्टीने सगळ्यात अवघड. मावशींच्या सुनेने विचारलं, "पंप एकदा लागला की सुटत नाही ना? सवय लागते म्हणतात." याचं उत्तर मराठीत, त्यांना पटेल असं कसं द्यायचं?

प्रतिसाद

मी छातीच्या विभागात रेसिडेंट आहे. कॅप्सूल गिळणारे रुग्ण मीही पाहिलेत. 'औषध कसं घेता' हे तू विचारलंस ते चांगलं केलंस, तो प्रश्न कधी सोडू नकोस.

सगळ्यात आधी थुंकीची तपासणी. जुना टीबी आणि वाढलेला खोकला-कफ असेल तर सीबीनॅट (थुंकीत टीबीचे जंतू शोधायची चाचणी) झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. टीबीनंतर फुप्फुसात राहिलेले व्रण आणि चुलीचा धूर, दोन्हींमुळे श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, त्यामुळे 'सिगारेट नाही म्हणजे सीओपीडी नाही' हे डोक्यातून काढून टाक.

दमा की सीओपीडी हे आधी गोष्टीवरून ओळख. दमा चढ-उतार करतो: आज बरा, उद्या वाईट, पहाटे जास्त, लहानपणापासून शिंका, घरात कुणाला तरी तेच. सीओपीडी चाळिशीनंतर येतो आणि सावकाश वाढतच जातो. मग स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून श्वास मोजायची चाचणी. सालब्युटामॉल (श्वासनलिका पटकन उघडणारं औषध) दिल्यानंतरही एफईव्ही-वन (जोरात फुंकताना पहिल्या सेकंदात सुटलेली हवा) आणि एफव्हीसी (त्या फुंकरीत सुटलेली एकूण हवा) यांचं गुणोत्तर ०.७० च्या खाली राहिलं तर अडथळा कायमचा. एफईव्ही-वन १२ टक्के आणि २०० मिलिलिटर, दोन्हींनी वाढला तर दम्याकडे झुकायचं.

आता लाबा. दम्याचं मूळ सुजेत आहे, इओसिनोफिल्स या पांढऱ्या पेशींच्या. नुसत्या लाबाने नळी उघडी राहते, रुग्णाला बरं वाटतं, आत सूज वाढत जाते आणि एक दिवस जीवघेणा झटका येतो. म्हणून दम्यात स्टिरॉइडशिवाय लाबा नाहीच. नुसत्या सालब्युटामॉलवर दम्याचा रुग्ण ठेवू नका, असं जीनाने (दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं काढणारी संस्था) २०१९ पासून सांगितलंय, त्याचंही कारण हेच. सीओपीडीत फुप्फुसाची लवचीकता गेलेली असते, श्वास सोडताना बारीक नळ्या मिटतात आणि हवा आत कोंडते. तिथे लाबा आणि लामा (वेगळ्या मार्गाने नळ्या बराच वेळ उघड्या ठेवणारं औषध) मिळून ती कोंडलेली हवा बाहेर काढायला मदत करतात. सूज बहुतेकदा न्यूट्रोफिल्स या दुसऱ्या पांढऱ्या पेशींची, तिच्यावर स्टिरॉइड फारसं चालत नाही, उलट न्यूमोनियाचा धोका वाढतो. वारंवार झटके येत असतील आणि रक्तात इओसिनोफिल्स ३०० किंवा जास्त असतील तर स्टिरॉइडला अर्थ आहे. मावशींना टीबी होऊन गेलाय, ही गोष्टही स्टिरॉइडच्या विरुद्ध जाते. त्यांचे इओसिनोफिल्स किती आहेत ते बघ आणि राउंडला स्वतःहून विषय काढ.

सालमेटेरॉलला लांब, चरबीत विरघळणारी शेपटी आहे. ते पेशीच्या पडद्यात शिरून सावकाश रिसेप्टरपर्यंत (पेशीवर औषध जिथे बसतं त्या जागेपर्यंत) पोचतं, दहा-वीस मिनिटं लागतात. धाप लागलेल्या माणसाला तेवढा वेळ नसतो. फॉर्मोटेरॉल पाण्यातही बऱ्यापैकी विरघळतं, म्हणून काही मिनिटांतच काम सुरू करतं, आणि पडद्यात साठून राहतं म्हणून टिकतंही.

सवयीबद्दल मी रुग्णांना हिशेब सांगतो. सालब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची, पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे गोळीचा चाळिसावा हिस्सा, तोही थेट छातीत. गोळीने हात थरथरतात, छाती धडधडते, ते पंपाने कितीतरी कमी होतं. मग म्हणतो, "चष्मा लावला म्हणून डोळ्याला सवय लागत नाही, नंबर आहे म्हणून चष्मा लागतो." बहुतेकांना पटतं.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. सीबीनॅट निगेटिव्ह आलं. स्पायरोमेट्रीत गुणोत्तर ०.५८, एफईव्ही-वन १.०५ लिटरवरून १.१३ वर गेला, म्हणजे वाढ ८० मिलिलिटर, साडेसात टक्क्यांच्या आसपास. इओसिनोफिल्स ११०. राउंडला मी स्टिरॉइडचा विषय काढला, आणि सरांनी ते थांबवून लाबा-लामाच्या कॅप्सूल लिहून दिल्या.

आज सुनेला समोर बसवून मावशींकडून यंत्र वापरून घेतलं. पहिल्यांदा त्यांनी यंत्रातच फुंकर मारली. मग मी सांगितलं, तोंड बाजूला करून श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट मिटा आणि ताक स्ट्रॉने ओढतो तसं जोरात ओढा. तिसऱ्या वेळी आत कॅप्सूल गरगर फिरल्याचा आवाज आला आणि मावशी दचकून हसल्या. श्वास मात्र दहा आकड्यांपर्यंत धरवत नाही, सहाला सुटतो. तेवढा पुरेल का? आणि ओढायला जोर कमी पडणाऱ्यांना कॅप्सूलऐवजी पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) कधी द्यायचा, हे कसं ठरवता?